भिंतीपलीकडचा प्रेक्षक

हिंदी चित्रपटसृष्टीला नागपूरची आठवण क्वचितच होते. त्यामुळे ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ प्रदर्शित झाला, तेव्हा येथील प्रेक्षक काहीशा कुतूहलानेच चित्रपटगृहात गेला असल्यास नवल नाही. पडद्यावर त्याला आपले शहर दिसले. परंतु गड्डीगोदामच्या झोपडपट्टीतून पाहिलेले. साखळ्या हिसकावणारी, नशेच्या आहारी गेलेली पोरे, त्यांची नागपुरी वळणाची हिंदी, आणि वस्तीला महाविद्यालयाच्या मैदानापासून तोडणारी उंच भिंत.

कथेचा आधार खरा आहे. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांना पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुले दिसली आणि त्यातून २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी पुष्कळ संयमाने केली आहे. तरीही वस्तीतील मुलांची गोष्ट सांगण्यासाठी एवढ्या मोठ्या नटाचा आधार घ्यावा लागावा, ही भांडवली चित्रव्यवसायाशी केलेली तडजोडच म्हटली पाहिजे. सुदैवाने पडदा व्यापून टाकतात ती मुलेच. नागपूरच्याच अंकुश गेडाम या तरुणाला पदार्पणाचे फिल्मफेअर पारितोषिक २०२३ मध्ये मिळाले, ते सर्वस्वी योग्य होते.

चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे आणि उत्तरार्धात तो पसरतो, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या भागाला समीक्षकांनी रेंगाळलेला म्हटले, तोच भाग कार्यकर्त्यांनी पुन्हा पाहावा. रिंकू राजगुरू यांनी रंगविलेल्या गोंड मुलीला परदेशी स्पर्धेसाठी पारपत्र हवे आहे, आणि बापलेकीला आपण या देशाचे आहोत हे कागदावर सिद्ध करण्यासाठी दारोदार फिरावे लागते. शिधापत्रिकेच्या कामासाठी ज्याने तहसील कचेरीचे उंबरठे झिजविले आहेत, त्याला हे दृश्य लांबलेले वाटणार नाही. आंबेडकर जयंतीची मिरवणूक व्यावसायिक हिंदी चित्रपटात अपवादानेच येते. येथे ती सहजपणे, वस्तीचा सण म्हणून येते. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा ज्या शहराने पाहिली, त्याला याचे मोल सांगावयास नको.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये नागपूर दिसत नाही, पण नागपूरचा माणूस दिसतो. २०१४ च्या या चित्रपटातील लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला तो वीरा साथीदार यांनी. ‘विद्रोही’चे संपादक, आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते. त्यांना अभिनयाची सवय नव्हती. पोलीस, तारखा आणि वस्तीतील गाणी यांची होती. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचे गाणे जबाबदार धरले जाते, आणि न्यायालय सुटीवर जाते. कोणीही खलनायक नाही, म्हणूनच हा चित्रपट अधिक अस्वस्थ करतो. राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविणाऱ्या या चित्रपटाच्या नायकाला १३ एप्रिल २०२१ रोजी कोविडने नेले.

आता प्रश्न उरतो तो या चित्रपटांच्या प्रेक्षकाचा. मार्च २०२२ मध्येच ‘द काश्मीर फाइल्स’ अनेक भाजपशासित राज्यांनी तत्परतेने करमुक्त केला. ‘झुंड’ला ती सवलत का नाही, असे त्याच्या निर्मातीने जाहीरपणे विचारले. उत्तर केंद्राने दिले नाही; आणि फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्यावाचून ज्यांचे भाषण पुरे होत नाही, त्या तेव्हाच्या महाराष्ट्र शासनानेही दिले नाही. पुढे २०२५ मध्ये ‘फुले’ चित्रपटाचे प्रदर्शन दोन आठवडे लांबले आणि त्यातून जातींची नावे वगळावयास लावली गेली. ज्या जातींनी तो जाच सोसला, त्यांचा उच्चार तेवढा आक्षेपार्ह ठरला.

करमुक्ती हीदेखील आता पूर्वीची राहिलेली नाही. २०१७ साली करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाल्यावर राज्याच्या हाती स्वतःच्या वाट्याचाच कर सोडणे उरले. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के कर आहे. परंतु शंभर रुपयांचे तिकीट मॉलमधील चित्रपटगृहात मिळते कोठे? सीताबर्डीवरील एका चौकाला लोक आजही व्हरायटी या चित्रपटगृहाच्या नावाने ओळखतात. त्या काळी हमाल आणि वकील एकाच छपराखाली, वेगवेगळ्या दराच्या खुर्च्यांवर का होईना, बसत असत. आज गड्डीगोदामचा मुलगा पडद्यावर आहे आणि खुर्चीवर नाही. कर्नाटक शासनाने २०२५ मध्ये तिकिटाला दोनशे रुपयांची मर्यादा घातली, तिला उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. निदान तेथे प्रयत्न तरी झाला. महाराष्ट्राने प्रत्येक पडद्यावर रोज एक खेळ शंभर रुपयांच्या आत दाखविण्याची अट घालावी, या मागणीसाठी नागपूरच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यांतून सह्या गोळा करण्यास हरकत नाही. सुरुवात गड्डीगोदामपासून व्हावी.