दुसरे घर : कुलपात की हिशेबात?

पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या पैशातून दुसरी सदनिका घ्यावी, ही पुण्यातील मध्यमवर्गाची जुनी आकांक्षा आहे. परंतु व्यवहार पुरा होताच घराला कुलूप लागते आणि किल्ली कपाटात जाते. ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ ही धास्ती त्यामागे असते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यामागे कारणे अनेक असली, तरी ही धास्ती त्यांतील एक होय.

ही धास्ती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतील वाड्यांचे मालक नाममात्र भाड्यात दुरुस्ती करू शकेनात. मालकाला वाडा नकोसा झाला आणि भाडेकरूला खोली सोडवेना. १९७३ च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. मालकांचा करारावरील विश्वास तेथेच उडाला. कायद्याचा हेतू करुणेचा होता. परिणाम मात्र ढासळत्या भिंतींच्या रूपाने पेठांनी पाहिला.

ती स्थिती आता राहिलेली नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेचा करार संपताच ताबा परत द्यावा लागतो. न दिल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई देय होते आणि मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मात्र हे कवच लेखी आणि नोंदणीकृत कराराचे आहे. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाचीच असून करार नोंदविलेला नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे.

भीती सरली म्हणजे घाई करावी, असे नव्हे. हिशेब आधी मांडावा. उदाहरणादाखल, ८० लाखांची सदनिका महिना २० हजारांनी भाड्याने गेली असे समजू. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार धरता गुंतवणूक ८६ लाखांच्या घरात जाते. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, तर भाडे २ लाख २० हजार. मिळकतकर, देखभाल व दुरुस्तीचे ५० हजार वजा जाता हाती येतो जेमतेम २ टक्के परतावा. याच घरासाठी साडेआठ टक्के दराने ६० लाखांचे कर्ज वीस वर्षांकरिता काढल्यास हप्ता ५२ हजारांच्या आसपास येतो. भाड्यातून हप्ता फिटेल, ही आशा येथेच संपते. किंमत वाढेल या एकाच भरवशावर निवृत्तीची पुंजी लावणे हा जुगार होय.

कागदपत्रांबाबत भीड बाळगू नये. मे २०१७ पासून महारेरा कार्यरत आहे. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासावा. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याचा अधिकार विकासकास नाही, हे ध्यानी ठेवावे. तयार घर घेताना भोगवटापत्र, वकिलाचा शोध अहवाल आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे काय, हे पाहावे. ओळखीचा माणूस ही कागदाला पर्याय ठरणारी हमी नव्हे.

खरेदीनंतरचा व्यवहारही समजून घ्यावा. स्वतः राहणाऱ्यास मिळणारी पुणे महापालिकेच्या मिळकतकरातील ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घरास मिळत नाही. गृहनिर्माण संस्थेला बिनभोगवटा शुल्क घेता येते, परंतु २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवावी, अनामतीची पावती द्यावी आणि गळका नळ वेळेवर दुरुस्त करावा.

शिक्षणासाठी व नोकरीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण पुण्यात येतात. त्यांना नीटनेटके घर आणि मालकास रास्त भाडे मिळणे यात दोघांचेही हित आहे. कर्जाच्या ओझ्याने वाकून घर घेऊ नये. घेतल्यास ते कुलपात कुजवू नये. पेठांतील वाडे पडले ते मालक आणि भाडेकरू यांच्यातील विश्वास आटल्याने. तो विश्वास पुन्हा उभा राहावा इतपत कायदा आज सावरलेला आहे. आता सावरायचे आहे ते आपल्या सवयींना.