निजवेळेचे सत्यव्रत

दापोली तालुक्यातील मुरुड येथे दिवेलागणीनंतर नारळी-पोफळीच्या वाड्यांवर अंधार उतरतो, समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येऊ लागते आणि घरोघरी मुलांना निजविण्याची खटपट सुरू होते. कोकणातील जुन्या घरांत या वेळेचा क्रम ठरलेला असे : शुभंकरोती, परवचा, मग आजीच्या कुशीत गोष्ट. जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकलेले असल्याने ही वेळ अधिकच मोकळी. नवकार म्हणावा आणि निजावे. याच तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची प्रकरणे त्यांनी ‘रात्रीं’मध्ये विभागली. आईची शिकवण सांगण्यास त्यांनी हीच वेळ योजिली.

या वेळी मुलांच्या बोलण्यास बहर येतो. ‘राजा’चा ‘लाजा’ होतो, ‘काका’चा ‘ताता’ होतो. ‘बाबा आला’ऐवजी ‘बाबा येला’, ‘मी केले’ऐवजी ‘मी करले’. मोठी माणसे हसतात. परंतु ‘बस’चे ‘बसला’ आणि ‘पड’चे ‘पडला’ होत असेल, तर ‘ये’चे ‘येला’ का होऊ नये? मुलाने नियम स्वतःच शोधून काढलेला असतो. अपवाद तेवढे शिकावयाचे राहिलेले असतात. अमेरिकेतील जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांपुढे बनावट शब्द ठेवले, तेव्हा पूर्वी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दांची अनेकवचने मुलांनी नियमानुसार केली.

उच्चारांचेही तसेच. मागधी प्राकृतात ‘र’चा ‘ल’ होत असे; धौली येथील अशोकाच्या शिलालेखांत ‘राजा’ हा ‘लाजा’ असाच कोरलेला आहे. मूल ‘पुस्तक’ला ‘पुत्तक’ म्हणते. ‘पुस्तिका’ची ‘पोथी’ही जोडाक्षर सोपे होत होतच झाली. ज्यांचे आगम अर्धमागधीत आहेत, त्यांनी तरी बोबड्या बोलांस हीन लेखू नये.

म्हणून निजवेळी तपासावयाची ती मोठ्यांची वाणी. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात, सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत : क्रोध, लोभ, भय आणि हास्य यांचा त्याग व विचारपूर्वक भाषण. यांतील पहिले चारही दोष मुलांच्या अंथरुणापाशी सहज भेटतात. ‘गप्प झोप, नाहीतर मार खाशील’ हा क्रोध. ‘झोपलास तर उद्या समुद्रावर नेईन’ हा लोभ. सकाळी मोठ्यांस त्याची आठवणही नसते. ‘बागुलबुवा येईल’ हे भय. आणि पाहुण्यांसमोर ‘परवासारखे बोलून दाखव’ म्हणून खिदळणे, हे हास्य. महर्षी कर्वे यांचे बालपण मुरुडातच गेले. आपला स्वभाव लाजाळू होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अशा स्वभावाचे मूल चारचौघांत एकदा हसले गेले, की पुढे बोलावयाचेच टाळू लागते.

पाचवी भावना आचरणात आणणे अवघड नाही. ‘बाबा येला’ ऐकून मुलाला न टोकता ‘हो, बाबा आला’ एवढेच म्हणावे; योग्य रूप कानावर पडत राहिले की जीभ आपोआप वळते. मात्र चार वर्षे पूर्ण होऊनही बाहेरच्या माणसांना मुलाचे बोलणे समजत नसेल, तर कौतुकात वेळ न दवडता त्याचे कान तपासून घ्यावेत व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मुले सत्याविषयी किती काटेकोर असतात, हे तीच ती गोष्ट दहाव्यांदा सांगताना कळते. काल विहिरीत पडलेला कोल्हा आज खड्ड्यात पडला, की पेंगुळलेले डोळे टक्क उघडतात आणि ‘विहिरीत!’ अशी दुरुस्ती होते. पाणी, चादर, दिवा, गोष्ट हा क्रमही त्यांना चुकलेला चालत नाही. मोबाइलच्या पडद्यावरील गोष्टीला असे अडविता येत नाही. म्हणून ती घरच्या माणसाने सांगावी.

एवढ्या काटेकोर श्रोत्याला दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. रात्री समुद्रावर नेण्याचे कबूल केले असेल, तर सकाळी मुलाने विचारण्याआधी आपणच चपला घालून उभे राहावे. ते जमणार नसेल, तर रात्री तसे बोलू नये, नुसते थोपटावे.