लोहमार्ग पोलिसांचे ऋण

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो घाला पडला, त्याचे स्मरण दरवर्षी श्रद्धेने केले जाते. परंतु या स्मरणात लोहमार्ग पोलीस निरीक्षक शशांक शिंदे यांचे नाव काहीसे मागे पडते, असे आम्हांस वाटते. त्या रात्री तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर दोन अतिरेक्यांनी एके-४७ रायफलींतून गोळ्यांचा वर्षाव केला. पन्नासाहून अधिक निरपराध माणसे प्राणांस मुकली. निवेदक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सावध केले, आणि अतिरेक्यांना सामोरे गेलेले शिंदे त्याच स्थानकात धारातीर्थी पडले.

अशा वीरमरणाचा गौरव व्हावा, हे उचितच होय. मात्र गौरवाच्या आड एक प्रश्न लपता कामा नये. फलाटाचे रक्षण अखेर कोणी करावयाचे? राज्यघटनेने रेल्वे पोलीस हा विषय राज्यांकडे सोपविला. त्यांचा खर्च राज्य आणि रेल्वे यांनी निम्मा निम्मा सोसावयाचा, असा नियम आहे. १९५७ च्या कायद्यान्वये केंद्राचे रेल्वे सुरक्षा दल उभे राहिले, ते रेल्वेच्या मालमत्तेसाठी. २००३ च्या दुरुस्तीने प्रवाशांच्या सुरक्षिततेचा भारही त्याच्यावर आला. परंतु खून-दरोड्यासारख्या गुन्ह्यांचा तपास लोहमार्ग पोलिसांकडेच राहिला. एका फलाटावर दोन गणवेश, दोन वरिष्ठ आणि दोन तिजोऱ्या! शांततेच्या काळी ही वाटणी कागदावर शोभून दिसते. संकटाच्या क्षणी मात्र हुकूम कोणाचा, हे ठरविण्यास अवधी नसतो. तेव्हा व्यवस्थेतील उणीव एखाद्या अधिकाऱ्याची कर्तव्यबुद्धी भरून काढते, आणि तिचे मोल तो प्राणांनी देतो.

शहरातील पोलिसाला निदान त्याच्या हद्दीतील वस्ती ओळखते. लोहमार्ग पोलीस ज्यांना राखतो, ती माणसे पुढच्या गाडीने निघून जातात. त्याचे नाव त्यांना ठाऊकही नसते. म्हणूनच त्याची बाजू मांडण्याचे काम तुम्हां-आम्हां नागरिकांना करावे लागेल. दोन्ही दलांची संकटकाळची आज्ञा एकाच मुखातून निघावी. शस्त्र, शिक्षण आणि संरक्षक कवच यांत काटकसर होऊ नये, आणि खर्चाच्या वाट्यावरून राज्य व केंद्र यांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये. शूरांच्या बलिदानावर विसंबून राहणे कोणत्याही शासनास भूषणावह नाही. शिंदे यांनी आपले कर्तव्य पुरे केले. आता पाळी शासनाची आहे.