अपघातानंतरचा वकील : हक्क कायद्यात, निर्णय घाईत

झाशी रेल्वे स्थानकालगतची नगरा ही रेल्वे कामगारांची जुनी वस्ती. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदर ते सिलचर हा राष्ट्रीय महामार्ग २७ हे देशातील दोन मोठे रस्ते झाशीजवळच एकमेकांना छेदतात. नागपूरहून दिल्लीकडे निघालेले मराठी प्रवासी याच मार्गाने जातात. साहजिकच रस्त्यावरील आणि रेल्वेतील अपघात हा या भागासाठी केवळ बातमीचा विषय राहत नाही. जखमी व्यक्ती रुग्णालयात असतानाच तिच्या कुटुंबाला एक महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो : भरपाईच्या दाव्यासाठी वकील कोणता करावा?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, तर ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाले. मृतांची सर्वाधिक संख्या उत्तर प्रदेशात, म्हणजे २२ हजार ५९५ होती. एवढ्या मोठ्या संख्येमागे भरपाईच्या दाव्यांची एक स्वतंत्र बाजारपेठ उभी राहणे अपरिहार्य होते.

मध्यस्थांचे जाळे

रुग्णालयाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दारातच 'काम करून देणारा' मध्यस्थ भेटणे, आगाऊ पैसे न घेता मिळणाऱ्या भरपाईतील ठरावीक हिस्सा मागणे आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही घेणे, ही या व्यवहाराची परिचित पद्धत आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांना मात्र ती मान्य नाही. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास वकिलाला मनाई आहे. मध्यस्थांमार्फत पक्षकार मिळवणे हाही गैरवर्तनाचाच भाग ठरतो.

ही मनाई कागदावरच राहिली की काय होते, हे उत्तर प्रदेशने अनुभवले आहे. बनावट अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१५ मधील आदेशानंतर विशेष तपास पथक नेमण्यात आले. पथकाकडे १ हजार ३७६ संशयास्पद प्रकरणे आली. २०२१ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे होता, तेव्हा संशयाच्या यादीत दावेदारांबरोबर वकील, पोलीस, डॉक्टर आणि विमा कंपन्यांचे कर्मचारीही होते. त्याच वर्षी भारतीय वकील परिषदेने राज्यातील २८ वकिलांना निलंबित केले.

या प्रकाराची झळ केवळ विमा कंपन्यांना बसत नाही. खोटे दावे वाढले की खऱ्या जखमीच्या कागदपत्रांकडेही संशयाने पाहिले जाते, आणि त्याचा निकाल लांबतो.

रक्कम कशी ठरते

चांगल्या वकिलाचे काम नेमके कोठे दिसते, हे भरपाईच्या गणितावरून स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक निश्चित केले. २६ ते ३० वयोगटासाठी तो १७ आहे. तीस वर्षांच्या, दरमहा १५ हजार रुपये कमावणाऱ्या कारागिराची कमाईची क्षमता कायमस्वरूपी ४० टक्क्यांनी घटली, असे समजू. त्याचे वार्षिक नुकसान ७२ हजार रुपये होईल आणि १७ ने गुणल्यास १२ लाख २४ हजार रुपये. उपचारांचा खर्च, वेदना आणि भविष्यातील उत्पन्नवाढ यांचा विचार याशिवाय होतो.

येथे वैद्यकीय प्रमाणपत्रावरील टक्केवारी अंतिम नसते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात न्यायालयाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईवरील परिणाम यांत फरक केला. हात गमावलेल्या चालकाचे आणि तशीच दुखापत झालेल्या कारकुनाचे आर्थिक नुकसान सारखे नसते. डॉक्टरांची साक्ष आणि व्यवसायाचा पुरावा वकिलाने नीट सादर केला नाही, तर ४० टक्क्यांचे २० टक्के होऊ शकतात आणि वरील रक्कम निम्म्यावर येते. उलट, सगळे नीट होऊनही एक तृतीयांश हिस्सा देण्याचे कबूल केलेले असेल, तर ४ लाख ८ हजार रुपये कुटुंबाच्या हातून जातात.

मुदत आणि ठिकाण

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. १९९४ पासून अशी मुदत नव्हती. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ विलंबाच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि, अंतरिम आदेशाच्या भरवशावर उशीर करणे शहाणपणाचे नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालाने पोलिसांवरील जबाबदारी अधोरेखित केली. हे प्रकरणही उत्तर प्रदेशातीलच होते. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाणे अपेक्षित आहे. तो वेळेत गेला की नाही, हे पाहणे हे वकिलाचे पहिले काम.

परगावी अपघात झालेल्यांसाठी आणखी एक तरतूद मोलाची आहे. दावा अपघाताच्या ठिकाणीच दाखल करावा लागतो, असे नाही. दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो. झाशीजवळ जखमी झालेल्या नागपूरच्या प्रवाशाला प्रत्येक तारखेसाठी झाशीला जाण्याची गरज नाही. स्थानिक मध्यस्थ ही गोष्ट सांगेलच, याची खात्री कोण देणार?

रेल्वेतून पडून झालेल्या दुखापतीचा मार्ग मात्र वेगळा आहे. असा दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करावा लागतो. प्रवाशाच्या मृत्यूसाठी १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये भरपाई आहे, तर जखमांसाठी स्वतंत्र दर ठरलेले आहेत. २०१८ च्या रीनादेवी निकालानुसार केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. म्हणून वकील या दोनपैकी कोणत्या न्यायाधिकरणात नियमित काम करतो, हे आधी विचारलेले बरे.

सही करण्यापूर्वी

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार महिला, मुले, दिव्यांग तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नमर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात किंवा १५१०० या क्रमांकावर त्यासाठी संपर्क साधता येतो.

खासगी वकील केल्यास शुल्क ठरावीक रकमेत आणि लेखी असावे. प्रथम माहिती अहवाल, उपचारांची बिले व उत्पन्नाचे पुरावे यांच्या मूळ प्रती कुटुंबाकडेच राहाव्यात. लोक अदालतीतील तडजोडीवर सामान्यतः अपील करता येत नाही, त्यामुळे रक्कम समजून घेतल्याशिवाय सही करू नये. भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये भर दिला. बँकेचे पासबुक आणि कोरे धनादेश दुसऱ्याच्या हाती दिल्यास मात्र या संरक्षणाला अर्थ उरत नाही.

कायद्याने जखमीला बरेच दिले आहे. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचवणारा पहिला माणूस बहुधा पोलीस किंवा न्यायाधीश नसून मध्यस्थच असतो. विधी सेवा प्राधिकरणाचा प्रतिनिधी मध्यस्थाच्या आधी रुग्णालयात पोहोचू लागला, तर हे चित्र बदलू शकेल. तोपर्यंत कोऱ्या कागदावर सही न करणे, हेच जखमीच्या कुटुंबाच्या हातातील सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.