तीन हिरवे दिवे

छोटे खाजगी विमान म्हणजे धनिकांची चैन, असा समज आपल्याकडे अद्याप पुष्कळांचा आहे. परंतु आता अशाच विमानांतून अत्यवस्थ रुग्ण दूरच्या शहरी हलविले जातात, आणि ते विमान जमिनीवर नीट उतरेल ना, ही चिंता मध्यमवर्गीय कुटुंबाच्याही वाट्याला आली आहे. म्हणूनच ६ मे २०२१ ची घटना विस्मृतीत जाऊ देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

त्या दिवशी बागडोगऱ्याहून एका रुग्णास मुंबईस आणणारे बीचक्राफ्ट जातीचे छोटे विमान नागपुरास थांबून पुन्हा उडाले, आणि उडतानाच त्याचे एक चाक निखळून पडले. विमानात पाच माणसे होती. मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि वैमानिकाने ते विमान पोटावर घसरवीत सुखरूप उतरविले. त्याच्या धैर्याचे कौतुक करावे तितके थोडेच. ‘देव तारी त्याला कोण मारी’ असेही अनेकांनी म्हटले असेल.

परंतु देवाने तारले ते कोणाच्या डोळ्यांनी? नागपूर विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाने ते चाक पडताना पाहिले व तत्काळ वर्दी दिली. या वर्दीचे मोल मोठे आहे. विमानाच्या तीन पायांसाठी वैमानिकापुढे तीन हिरवे दिवे असतात. पाय खाली येऊन पक्का बसला की दिवा लागतो. मात्र त्या पायाच्या टोकाशी चाक शिल्लक आहे की नाही, हे तो दिवा सांगत नाही. तिन्ही दिवे लागलेले पाहून वैमानिक निश्चिंत मनाने उतरला असता, तर बिनचाकी पाय धावपट्टीवर घासून विमान भर वेगात गरकन फिरले असते. पुढची कल्पनाच करवत नाही. १३ मे २०२४ रोजी ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल येथे अशाच छोट्या विमानाच्या चाकांत बिघाड झाला. तो उड्डाणानंतर लवकरच कळल्यामुळे वैमानिकाने सुमारे तीन तास घिरट्या घालून इंधन जाळले आणि विमान पोटावर उतरविले. आतील तिघेही वाचले.

नागपूरच्या जवानाची नेमणूक काही विमानांची चाके पाहण्यासाठी नव्हती. त्याची नजर क्षणभर दुसरीकडे असती तर? जेथे नियंत्रण मनोराच नाही, अशा धावपट्टीवर ही वर्दी द्यावी कोणी आणि कोणाला? रिक्षात बसणारा निदान चाकाकडे एक दृष्टी टाकू शकतो. स्ट्रेचरवरच्या रुग्णास तेवढेही शक्य नसते, आणि त्याचे आप्त तर पैशांच्या जुळवाजुळवीने आधीच गांगरलेले असतात. लाखांच्या घरात आकार घेणाऱ्या कंपन्यांनी धावपट्टीवर दुर्बीण आणि बिनतारी यंत्र घेतलेला एक माणूस उभा करणे हा काही न पेलणारा खर्च नव्हे. उड्डाणापूर्वी चाके तपासणाऱ्या अभियंत्याच्या सहीचा कागद रुग्णाच्या आप्तांच्या हाती दिलाच पाहिजे, असे बंधन नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने या कंपन्यांवर घालावे.