नापिकीच्या वर्षांतील कृतज्ञता

मागील आश्विनांत आम्हीं नववीच्या वर्गास 'कृतज्ञता' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. विषय जुना, निरुपद्रवी आणि शिक्षकांस तपासावयास सोपा. नांदगांव खंडेश्वराच्या आसपासच्या खेड्यांतून जीं मुलें आमच्या वर्गांत येतात, त्यांच्या घरीं त्या आठवड्यांत काय चाललें होतें, याचा विचार आमच्या मनांत आला नाहीं, हें येथें आरंभींच कबूल केलें पाहिजे. सोंगणीस आलेलें सोयाबीन पावसांत सांपडलें होतें. शेंगांतल्या शेंगांत दाण्यांना कोंब फुटले होते, आणि जें कापून गंजी लावली होती तिच्यांतून वाफ व कुबट वास येत होता. तिसऱ्या दिवशीं वह्या आल्या. बहुतेकांनीं आईवडील, गुरुजन व देश यांचे उपकार ठराविक क्रमानें मानले होते. एका मुलानें मात्र एकच ओळ लिहिली होती: "यंदा आमच्या घरीं कृतज्ञता झाली नाहीं."

पहिल्या क्षणीं आम्हांस राग आला. दुसऱ्यांदा वाचतांना लक्षांत आलें कीं, यांत उद्धटपणा नव्हता. 'यंदा ज्वारी झाली नाहीं', 'तूर बरी झाली', असें वऱ्हाडांत ज्या रीतीनें बोलतात, त्याच रीतीनें हा मुलगा बोलला होता. कृतज्ञता हेंहि त्याच्या लेखीं एक पीक होतें, आणि तें बुडालें होतें. त्यास गुण किती द्यावे हें आम्हांस कळेना. ती वही आम्हीं तशीच कपाटांत ठेवून दिली. परंतु ती ओळ कपाटांत राहीना.

संकटांतहि समाधान मानावें, असा उपदेश करणारे पुष्कळ असतात, आणि बहुधा ते कोरड्या ओसरीवर बसलेले असतात. ज्या घरीं बियाण्याचें व खताचें देणें उभें आहे, मुलीचें लग्न पुढें ढकललें आहे, त्या घरीं जाऊन 'जें आहे त्याचें सुख माना' असें सांगणें म्हणजे त्यांच्या तोंडावर हात ठेवण्यासारखें आहे. आमचा जिल्हा कांहीं या दुःखास नवखा नाहीं. २००६ सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील ज्या ६ जिल्ह्यांसाठीं विशेष मदतीची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती होता, अकोलाहि होता. विम्याची रक्कम वेळेवर मिळावी, मालास भाव मिळावा, ओलिताची सोय व्हावी, या मागण्या न्याय्य आहेत. आणि जी कृतज्ञता माणसास त्या मागण्या विसरावयास लावते, ती कृतज्ञता नव्हे, ती गुंगी आहे. इतकें त्या मुलाच्या बाजूनें स्पष्ट म्हटल्यावांचून पुढें जाण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

मग निबंधाचा विषयच चुकला होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चूक झाली ती शब्दाचा अर्थ लावण्यांत. कृत म्हणजे केलेलें, आणि तें जाणणारा तो कृतज्ञ. या शब्दांत आनंदी असण्याची अट कोठेंहि नाहीं. हंसतमुख नसलेला माणूसहि कृतज्ञ असूं शकतो. कारण येथें जाणणें पुरेसें आहे. आपल्यासाठीं कोणीं काय केलें, हें ज्यास दिसतें, त्याच्या घरीं पीक बुडालें असेल, पण तो एकटा पडलेला नसतो. दुःखांत माणूस खचतो तो बहुतकरून त्या एकटेपणानें.

याच तालुक्यांतील एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावयास पाहिजे. लोणी टाकळी या गांवीं ६ जुलै १८८१ रोजीं एका शेतकरी घराण्यांत एक मूल जन्मलें. वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्याची दृष्टि गेली. चौथ्या वर्षीं आई गेली. आजोळच्या आजीनें त्यास लोणी टाकळीस आणून वाढविलें. पुढें तें वडिलांच्या माधान गांवीं राहिलें. हेच प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज. १९१५ च्या सप्टेंबरांत पुण्यास त्यांचें देहावसान झालें तेव्हां त्यांचें वय अवघें ३४ होतें, आणि मागें शंभरांहून अधिक लहानमोठे ग्रंथ होते. मनाच्या व्याधींचा विचार करणारा 'मानसायुर्वेद' हा त्यांतलाच. त्यांच्या बुद्धीविषयीं पुष्कळ बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. आम्ही मात्र वाचकांचें लक्ष दुसरीकडे वेधूं इच्छितों. ज्यास अक्षर दिसत नव्हतें त्यानें इतकें वाचलें कसें व लिहिलें कसें? कोणी तरी वाचीत होतें, तें ते ऐकत होते. ते सांगत होते, तें कोणी तरी उतरून घेत होतें. म्हणजे त्यांच्या प्रत्येक ग्रंथाच्या प्रत्येक पानावर दुसऱ्या कोणाचे तरी डोळे खर्ची पडले आहेत. त्या वाचणाऱ्यांचीं व लिहिणाऱ्यांचीं नांवें आज किती जणांस सांगतां येतील? आणि आईवेगळ्या आंधळ्या नातवास हात धरून अंगणांत नेणारी ती आजी! तिनें जें केलें तें चार घरच्या आज्या करतात तेंच, रोजचें, न मोजलेलें. तें ज्या दिवशीं थांबलें असतें, त्या दिवशीं पुढचे ग्रंथहि थांबले असते.

हल्लीं मानसशास्त्रज्ञहि या विषयाकडे वळले आहेत. २००३ सालीं अमेरिकेंतील एमन्स व मॅककलो या दोघांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटानें दहा आठवडे, आठवड्यांतून एकदां, ज्यांविषयीं आभार वाटावे अशा गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटानें कटकटी लिहिल्या. पहिल्या गटास आपलें आयुष्य अधिक बरें वाटूं लागलें. त्या विद्यार्थ्यांच्या घरीं सोयाबीन कुजलें नव्हतें, असें कोणी म्हणेल, आणि आमच्याहि मनांत प्रथम तेंच आलें. परंतु त्याच निबंधांत स्नायूंच्या दीर्घ आजारानें पीडित माणसांवरील प्रयोगहि आहे. त्यांनीं २१ दिवस रोज अशी नोंद ठेविली, आणि नोंद ठेवणाऱ्यांची मनःस्थिति सुधारली, झोपहि बरी लागली. आजार मात्र जेथल्या तेथें होता. हा शेवटचा भाग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तो वगळून हा प्रयोग सांगणाऱ्यांपासून वाचकांनीं सावध असावें.

पण यासाठीं अमेरिकेंतील निबंधाची आवश्यकता आहे, असेंहि नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलांस धुवून आणतात, आणि वर्षभर जूं वाहून जो खांदा सोलवटला, सुजला किंवा निबर झाला, त्यास हळद व तूप चोळून शेकतात. शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल हें दुसऱ्या दिवशींचें. आधीं खांदा. आभार मानावयाचे तर प्रथम जेथें दुखतें तेथें हात ठेवावा, हें शहाणपण ज्या कोणाला सुचलें त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. शिवाय दुष्काळाच्या वर्षीं पोळा मोडला, असें आम्हीं ऐकलेलें नाहीं. पुरणाची पोळी लहान होते, झूल जुनीच असते, पण खांदा शेकला जातो. कारण पीक आलें नाहीं तरी बैलानें नांगर ओढलाच होता. (आतां पुष्कळ घरीं बैल उरले नाहींत. ट्रॅक्टरास खांदा नसतो, ही अडचण खरी आहे.)

जें बैलास कळतें तें माणसास अधिकच कळत असलें पाहिजे. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन उभारलें. त्या रोगावर गुणकारी औषधें त्याच दशकांत हातीं येऊं लागलीं होतीं, आणि औषधावांचून बरें होणें नव्हतेंच. परंतु ज्यांस घरच्यांनीं घराबाहेर काढलें होतें, त्यांचें दुखणें औषधानें संपणारें नव्हतें. त्यांच्या जखमा कोणी तरी स्वतःच्या हातांनीं धुणें, त्यांस शेतीचें किंवा हस्तव्यवसायाचें काम देणें, त्यांनीं पिकविलेलें दुसऱ्यानें खाणें, या साध्या गोष्टींनीं जें बरें झालें तें वेगळें. या दोहोंपैकीं एकावर भागवूं पाहणारे लोक आम्हांस नेहमींच अर्धवट वाटत आले आहेत, मग ते केवळ औषधवाले असोत कीं केवळ उपदेशवाले.

पालकांस एक विनंति करावीशी वाटते. मुलांपासून वाईट वर्ष लपवूं नका. रात्रीं देण्याघेण्याचें बोलणें भिंतीपलीकडून त्यांस ऐकूं येतेंच; मग अंधारांत तें मोठें होतें. 'यंदा झालें नाहीं' हें दिवसा, जेवतांना, सरळ सांगितलेलें बरें, आणि त्याच वेळीं शेजाऱ्यानें बैलजोडी दिली, आत्यानें दाणे पाठविले, हेंहि सांगावें. आणि विद्यार्थ्यांस सांगणें तें असें: घरांतील कोणी बोलेनासें झालें, जेवेनासें झालें, रात्रभर जागूं लागलें, तर तें निबंधाचें काम नव्हे. आप्तांस सांगा, डॉक्टरांस सांगा, आम्हांस येऊन सांगा, आणि त्याच दिवशीं सांगा. अशा माणसाजवळ नुसतें बसून राहणें हेंहि खांदा शेकण्यासारखेंच आहे. त्यास वय लागत नाहीं.

फाल्गुनांत तो मुलगा आमच्याकडे आला. वही परत पाहिजे होती. मागचीं पानें कोरीं आहेत, नवी वही घ्यावयास नको, असें म्हणाला. आम्हीं कपाटांतून ती काढली आणि देण्यापूर्वीं सहज उलटून पाहिली. पानें सगळींच कोरीं नव्हतीं. अगदीं शेवटच्या पानावर पेन्सिलीनें, बापाच्या सांगण्यावरून असेल, एक यादी उतरलेली होती. सोंगणीच्या दिवसांत वडील तापानें पडून होते, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. यादी अशी होती: विहिरीवाले काका, २ दिवस. वरच्या आळीची मावशी व सून, ३ दिवस. मोठे मामा, बैलगाडीसह, १ दिवस. सलूनवाले दादा, अर्धा दिवस, दुकान बंद ठेवून. खालीं रेघ मारून लिहिलें होतें, 'यांच्याकडे जाणें आहे.' मामांच्या व मावशीच्या नांवापुढें खूण केलेली होती.

निबंधाचे गुण आम्हीं विचारून ठेवले होते ते द्यावयाचे राहूनच गेले. त्यानें वही घेतली आणि तो घाईनें निघाला. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती, आणि विहिरीवाल्या काकांकडे हरभऱ्याचें काम चाललें होतें.