सरासरी काउंटीची, तोटा शेतकऱ्याचा

अमेरिकेत २०१९ साली एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारकडून एकरी वेगवेगळी मदत मिळू शकत होती. रस्ता दोन काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांच्या, हद्दीवर असला, की तेवढे कारण पुरे होते.

चीनने जुलै २०१८ मध्ये अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले. भाव कोसळले आणि ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात थेट पैसे जमा करायचे ठरवले. पहिल्या वर्षीचा हिशेब पिकावर होता: सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, मक्याला फक्त एक सेंट. दुसऱ्या वर्षी प्रत्येक काउंटीला एकच दर ठरला, एकरी १५ ते १५० डॉलर. तिथे पूर्वी कोणती पिके घेतली जात, त्यावरून तो काढला गेला. यामागे विचार होता. पिकाचा दर आधी जाहीर झाला असता, तर मदतीच्या आशेने त्याच पिकाचा पेरा वाढला असता. पण त्यासाठी प्रत्यक्ष नुकसान आणि मदत यांतले नाते सैल करावे लागले.

हीच अडचण २०१४ च्या कृषी कायद्याने आणलेल्या नियमित योजनेतही आहे. काउंटीचे त्या पिकाचे एकरी उत्पन्न ठरलेल्या सरासरीच्या ८६ टक्क्यांखाली गेले, तर भरपाई मिळत असे. २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा ९० टक्क्यांवर नेली. एखाद्याचे शेत पाण्याखाली गेले आणि बाकीच्या काउंटीत पीक चांगले आले, तर या योजनेतून त्याच्या हाती काहीच येत नाही. शिवाय पैसे मिळतात ते जुन्या नोंदीतल्या ‘बेस’ एकरांवर. यंदा त्या जमिनीत काय पेरले, हे त्यात पाहिले जात नाही. मदत अशी जमिनीला चिकटली, की जमीनमालक खंड वाढवतो आणि कसणाऱ्याच्या वाट्याचा पैसा खंडात जिरतो. अमेरिकी कृषी अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षे याची मोजदाद करत आले आहेत.

मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकाला यात आपलेच दुखणे दिसेल. अमेरिकेतल्या काउंटीच्या जागी आपल्या पीकविम्यात महसूल मंडळ आहे. मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांत उत्पादन चांगले भरले, की ओढ्याकाठच्या वाहून गेलेल्या शेताची गणती संपते. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई मंडळाच्या उत्पादनावरच बेतल्यामुळे हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे.

भावाचेही तसेच. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत माल त्याहून कितीतरी कमी भावाने विकला गेला. त्याआधी २०२३ च्या खरिपातल्या पडलेल्या भावासाठी राज्याने कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिले. ही मर्यादा योग्यच होती. पण पैसे गेले सातबाऱ्यावरच्या खातेदाराला. बियाणे, खत, फवारणी, मळणी सगळे ज्याने अंगावर घेतले, त्या बटईदाराचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते.

ते नसण्याचे कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे: कूळ कायद्याची धास्ती. जमीन हातची जाईल या भीतीने मालक बटई लिहून देत नाही. ही भीती खोटी ठरवून भागणार नाही, तिच्यावर तोडगा हवा. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून तो काढला. तिथे मालकीला हात न लावता अकरा महिन्यांचा करार होतो आणि कसणाऱ्याला पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई मागता येते. त्यातही मालकाची संमती लागते, त्यामुळे बरेच बटईदार बाहेर राहतात. तरी सुरुवात तिथूनच करावी लागेल. महाराष्ट्रात भावांतराची, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकारने देण्याची, मागणी आता दर हंगामाला होते. ती मान्य करताना सरकारने दोन अटी आधीच घालाव्यात. रक्कम बाजारात विकलेल्या क्विंटलवर मोजावी आणि ई-पीक पाहणीच्या डिजिटल पीकनोंदीत खातेदाराशेजारी त्या हंगामात पेरणाऱ्याच्या नावासाठी रकाना ठेवावा.